मध्येच थांबलेला डफ

३ फेब्रुवारी, मंगळवार

टक टक टक. बादलीवर. मला कळलंसुद्धा नाही!

आत हॉलमध्ये सकाळचा वर्ग. तीस माणसं डोळे मिटून बसलेली. स्वतःचा श्वास ऐकू यावा म्हणून पंखेपण बंद. आणि मागच्या खोलीत मी मॅट धुता धुता बादली बडवतोय. बाई स्वतः उठून आल्या. म्हटलं, गेली नोकरी!

बाई म्हणजे या योगकेंद्राच्या मालकीण. शिकवतात पण त्याच. रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "अरे, तुझ्या हातांना कसली एवढी घाई आहे?" मॅट पिळत राहिलो. दुपारी ही वही आणून दिली. रोज लिहायचं. मनात येईल ते. कोणाला दाखवायचं नाही, त्यांनासुद्धा नाही. म्हणजे म्हणे हात शांत होतील. जाता जाता म्हणाल्या, "पण वहीशी खोटं बोलू नकोस. मग वही कशाला?"

सातवीनंतर पेन धरलं ते फक्त सही करायला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय!

मामा हसतोय. "पोरगा आता पुस्तक काढणार!" हा मामा कोणाचाच मामा नाही. आयुष्यभर बस चालवली, आता इथे बॉयलर आणि फाटक सांभाळतो. गॅरेजवरच्या खोलीत आम्ही दोघं. एक खिडकी, दोन खाटा आणि त्याचं घोरणं.

४ फेब्रुवारी, बुधवार

काय लिहू? काम लिहितो.

मॅट साठ. तीस सकाळच्या, तीस संध्याकाळच्या. पाण्यात थोडा साबण, जास्त घातला तर निसरड्या होतात आणि कोणीतरी आपटतं. उन्हात वाळवायच्या नाहीत, तडे जातात. सावलीत, दोरीवर, घडी न पडता. मग लाकडाचे ठोकळे पुसायचे, पट्टे गुंडाळायचे, फरशी दोनदा.

प्रत्येक मॅटवर तळव्यांच्या जागी झिजलंय. रोज तिथेच उभं राहून झिजवतात माणसं. कुठेही न जाता! मी केवढा लांब आलोय — आणि यांच्यासारखा एका जागी पाच मिनिटं उभा राहू शकत नाही.

दुपारी बाईंनी मलाही बसवलं. पाठ ताठ, डोळे बंद. श्वास आत, श्वास बाहेर. अकरा श्वास नीट झाले. बाराव्याला उजवा हात मांडीवर वाजायला लागला. बाईंनी हातावर हात ठेवला. "नेहमी हाच ठेका असतो तुझा. कुठला आहे हा?"

म्हटलं, "कुठला नाही."

५ फेब्रुवारी, गुरुवार

हात शिवशिवतात. बाकी काही नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

धाकटीचा फोन. धाकटी म्हणजे माझी बहीण. एकोणीस वर्षांची आहे, पण बोलते आजीबाईसारखी.

"आई कशी आहे?"

"तशीच."

"तशीच म्हणजे?"

"तशीच म्हणजे तशीच, दादा. जेवते, झोपते, घरामागे वांगी लावलीत तिने. ही एवढाली! बोलत नाही."

"एक शब्दपण?"

"दर वेळी तेच काय विचारतोस? बोलली तर कळवेन की! मी काय लपवून ठेवणारे?"

दोन वर्षं झाली. डॉक्टर झाले, डोक्याचा फोटो काढून झाला. सगळं ठीक. जीभ ठीक, घसा ठीक. आईकडे पूर्वी खूप लोक यायचे. अजूनही कधी कोणी येतं, उंबऱ्याबाहेर उभं राहतं. आई त्यांच्याकडे बघते आणि दार लावून घेते. आता तेही कमी झालंय.

तिला काय झालंय ते डॉक्टरला माहीत नाही. धाकटीला माहीत नाही. मला माहीत आहे.

फोन ठेवल्यावर जिना चार वेळा खाली-वर केला. मामा म्हणाला, "जिन्याशी भांडण झालंय का?"

९ फेब्रुवारी, सोमवार

आज अशी फजिती! लिहितानाही कान गरम होतायत.

वर्ग संपताना शवासन असतं. सगळे उताणे पडतात, हातपाय सैल, मेल्यासारखे. बाई दिवे मंद करतात आणि हळू आवाजात त्यांचा एकेक अवयव झोपवतात. पाच-सात मिनिटं कोणी हलत नाही. मग बाई रोज त्याच शब्दांत उठवतात — आता हळूहळू हाताची बोटं हलवा, पायाची बोटं हलवा, कुशीवर वळा.

आज सगळे असे पडलेले आणि बाहेर नळाचं काम करायला प्लंबर आला. त्याची आणि मामाची जुंपली. मामा म्हणतोय पाइप तूच फोडलास, तो म्हणतोय पाइप माझ्या जन्माच्या आधीचा आहे. आवाज चढला तशा बाई उठून बाहेर गेल्या. मी दारात, मॅट गोळा करायला थांबलेला.

सात मिनिटं झाली. दहा. बाई येईनात!

तीस माणसं. तोंडं अर्धवट उघडी. एका आजोबांची छाती हलताना दिसेना. यांना आता आणणार कोण? भिंतीवरच्या घड्याळात बारावं मिनिट लागलं. पुढचं नीट आठवत नाही. मी हॉलच्या मधोमध उभा होतो आणि ओरडत होतो — "बोटं हलवा! हाताची! पायाची! कुशीवर! या परत! सगळे या परत!"

तीसच्या तीस ताडकन उठून बसले. एका काकूंनी किंकाळी फोडली. आजोबा म्हणाले, "कुठे लागली आग?"

१० फेब्रुवारी, मंगळवार

बाईंनी बोलावलं. समोर बसवलं.

"तुला वाटलं तरी काय?"

"बाई, तुम्ही आला नाहीत. त्यांना परत कोण आणणार?"

"परत? ते गेलेच कुठे होते?"

माझी बोटं गुडघ्यावर वाजायला लागली.

"हे बघ. योगात कोणी कुठे जात नाही. माणूस आपल्याच घरात असतो. दारं-खिडक्या लावून घेतो, इतकंच. मी आले नसते तर ज्याचा तो उठला असता. पाठीला गार लागलं म्हणून उठला असता, लघवी लागली म्हणून उठला असता. मी काही त्यांची दोरी धरून बसलेली नाही."

दोरी! हा शब्द यांना कुठून सुचला?

खोलीवर आलो तर मामा खाटेवर उताणा. मला बघून म्हणाला, "मी शवासनात आहे. जेवणाच्या वेळी परत आण."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

फाटकावर नवीन कागद लागलाय. 'योग आणि शामन — आत्म्याच्या दोन वाटा. शनिवार-रविवार, २१ आणि २२.' खाली एका माणसाचा फोटो. हातात डफ, डोक्यावर पिसांची टोपी. मामाने लगेच त्याचं नाव ठेवलं — पिसारा.

बाईंना विचारलं, शामन म्हणजे काय? म्हणाल्या, जगात ठिकठिकाणी असतात असे लोक. कोणी आजारी पडलं, कोणाचं चित्त उडालं, की ते डफाच्या ठेक्यावर दुसऱ्या जगात जातात आणि त्या माणसाचं जे हरवलंय ते शोधून आणतात. असं त्यांचं म्हणणं.

मी म्हटलं, "बरं."

आमच्याकडे शामन म्हणत नाहीत. जाणती म्हणतात. आमच्या गावची जाणती माझी आई आहे. हे काही बोललो नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

लिहूनच टाकतो. दोन दिवस डोक्यात घुमतंय.

रडं न थांबणारं पोर, दूध आटलेली म्हैस, घर सोडून गेलेला नवरा — लोक सगळं घेऊन आईकडे यायचे. पहाटे, भर दुपारी, आम्ही ताटावर असताना. आई जमिनीवर आडवी व्हायची. तोंडावर काळं कापड. डोक्याशी डफवाला. आधी बाबा वाजवायचे. ते गेल्यावर मी. नऊ वर्षांचा होतो.

ठेका एकच. सरळ. बदलायचा नाही. अर्धा तास, तास, कधी दोन. हा ठेका म्हणजे दोरी. आई ती धरून खाली उतरते, शोधते, आणि सापडलं की एक बोट वर करते. बोट दिसलं की आपण चार ठोके जोरात द्यायचे, मग भराभर — ये परत, ये परत, ये परत. मग ती डोळे उघडते.

आणि डफ मध्येच थांबवायचा नाही. थांबवला तर गेलेला माणूस तिथेच राहतो. आईनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "हात तुटला तरी थांबायचं नाही."

दोन वर्षांपूर्वी एक शिंपी आला. बायको वारल्यापासून त्याला झोप नव्हती. तीन महिने! डोळे नुसते खोबणीत गेलेले. आई त्याची झोप शोधायला गेली. पावणेदोन तास झाले तरी बोट वर होईना. माझ्या हाताला गोळा आला. डफ थांबला.

आई उठून बसली. कापड बाजूला केलं. माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून शब्द नाही.

म्हणजे अंग उठलं. आई तिकडेच आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

काल लिहिलं ते खोटं आहे. हाताला गोळा आला नव्हता.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

तीनदा वही उघडली, तीनदा मिटली.

मीच थांबवला. मुद्दाम.

त्या दुपारी माझ्या वयाची पोरं लांब कामाला निघाली होती. ट्रकमधून मला हाक मारून गेली. चल की! आणि मी तिथे मांडी घालून धप धप धप. अकरा वर्षं तेच. मित्र खेळायला गेले तेव्हा मी धप धप. शाळा सुटली तेव्हा धप धप. मनात आलं — हे खरं तरी आहे का? मी वाजवतो म्हणून आई परत येते, की ती आपली पडते आणि उठते? माझ्या असण्याने काही होतं तरी का? बघू या एकदा. थांबवलं तर काय होतं ते बघू.

बघायचं होतं. एवढंच. हात वर गेला तो खाली आणलाच नाही.

बघितलं!

महिन्याभरात मीपण गाव सोडलं. सगळ्यांना सांगितलं, चांगलं काम मिळालंय. धाकटी रस्त्यापर्यंत आली. आई ओट्यावर बसली होती. मी पाया पडलो तेव्हा तिने डोक्यावर हात ठेवला, पण तो हात आईचा आहे की नुसताच हात आहे, कळेना. मान वर करून बघितलं नाही. धीर झाला नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

बाईंचं खरं असेल तर आई कुठे गेलीच नाही. मग बोलत का नाही?

आईचं खरं असेल तर ती दोन वर्षं अंधारात उभी आहे. दोरी चाचपत.

दिवसभर खिडक्या पुसल्या. पुसलेल्या पुन्हा पुसल्या. बाई म्हणाल्या, काच झिजेल रे!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पिसारा आला. गाडीतून पाच डफ, घोंगड्यांत गुंडाळलेले. टोपीला वेगळा डबा! माणूस मात्र साधा. आल्या आल्या प्यायला गरम पाणी मागितलं, सर्दी झालीये म्हणाला. त्याच्याबरोबर डफ वाजवणारा असतो तो तापाने पडलाय.

बाई म्हणाल्या, "आमच्याकडे आहे एकजण. बादली फार छान वाजवतो."

मामा म्हणाला, "खाटपण वाजवतो. आणि माझं डोकं."

मी सरळ नाही म्हटलं. हात मागे बांधून उभा राहिलो. पिसारा म्हणाला, काही हरकत नाही, मोबाइलवर लावू, रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे.

मोबाइलवर! आणि मध्येच कोणाचा फोन आला तर? तीस माणसं तिकडे आणि इकडे घंटी!

म्हटलं, "वाजवतो."

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी डफ बघितले. चार नुसते देखणे. पाचवा जुना, कडेला शिवलेला — तो घेतला. कातडं सैल पडलं होतं म्हणून बॉयलरजवळ धरला. मामा म्हणाला, "शेकतोस काय त्याला? त्यालापण सर्दी झाली?"

हॉलमध्ये सगळे मॅटवर आडवे. शवासनासारखेच! पिसारा मध्ये, पिसांसकट. त्याने सांगितलं — मनात एक भोक शोधा, झाडाचं, जमिनीचं, विहिरीचं. त्यातून खाली उतरा. ज्याच्यासाठी जाताय त्याचा चेहरा धरून ठेवा. आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

दोन वर्षांनी. पहिला ठोका पडला आणि माझ्याच छातीत घुमला. मनगट सगळं विसरलंय असं वाटलं होतं, काही विसरलं नव्हतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. विसाव्या मिनिटाला कानावर एक वेगळाच आवाज. बघतो तर पिसारा घोरतोय! पिसं वर-खाली, वर-खाली!

आता काय करू? म्हटलं, हा झोपला, बाकीचे तर गेलेत ना? मी चालू ठेवलं. खांदा पेटला. हात एकदा म्हणाला, थांब. बघ थांबवून, काय होतं ते. तोच आवाज मनातला, अगदी तोच. दात खाल्ले आणि वाजवत राहिलो. चाळीस मिनिटं पुरी. मग चार ठोके. मग भराभर. ये परत, ये परत.

सगळे आले. मी मोजले. तीस. एकतिसावा पिसारा — तोही दचकून आला.

त्या दिवशी शवासनात किंकाळी फोडणाऱ्या काकू रडत होत्या. म्हणाल्या, माझी बहीण भेटली. आग लागली का विचारणारे आजोबा म्हणाले, मला काही दिसलं नाही बुवा, पण पाठ मोकळी झाली.

संध्याकाळी जेवताना माझा हात गप्प होता. मामाने दोनदा बघितलं. "बरं वाटत नाही का?"

२२ फेब्रुवारी, रविवार

आज नुसती चर्चा. बाई आणि पिसारा समोरासमोर, बाकीचे भोवती. मी कप गोळा करत होतो. मुद्दाम हळू.

कोणीतरी विचारलं, दोन्हींतली मोठी वाट कोणती? बाई म्हणाल्या, योगी एकटा बसतो आणि स्वतःच्या मनातला गोंगाट थांबवतो. वाटेत देव दिसो की भूत दिसो, तो थांबत नाही. त्याला काही आणायचं नसतं. त्याला सुटायचं असतं.

पिसारा म्हणाला, आमच्यात एकट्याचं काम नाही. ज्याचं दुखतंय तो लागतो, डफवाला लागतो, वाट बघणारी माणसं लागतात. आमचा माणूस स्वतःसाठी जातच नाही. दुसऱ्याचं आणायला जातो.

बाई म्हणाल्या, "आणि रोज आणून आणून दमत नाही तो?"

"दमतो ना! पण त्याला कोण विचारतं?"

सगळे हसले. मीपण हसलो. आता लिहिताना हसू येत नाहीये. का ते कळत नाही.

सगळे गेल्यावर पिसाऱ्याला गाठलं. टोपी डब्यात ठेवत होता. खाली चकचकीत टक्कल! विचारलं, डफ मध्येच थांबला तर काय होतं?

तो खाली बसला. "खरं सांगू? मला माहीत नाही. मी विमा विकायचो. मुलगा गेल्यावर एका म्हातारीने माझ्यासाठी डफ वाजवला, मला बरं वाटलं, तेव्हापासून हे धरलंय. थांबला तर माणूस अडकतो म्हणतात. मी कधी तेवढा लांब गेलोच नाही. काल तर झोपलो."

"पण समजा अडकला. तर?"

टोपीचा डबा बंद केला त्याने. "तर ज्याने थांबवला त्यानेच पुन्हा धरावा. जिथे सोडला तिथून. मला एवढंच सुचतं."

डफ इथेच ठेवून गेला. बुधवारी कुरिअरवाला नेणार आहे. माझ्या मागच्या खोलीतल्या कपाटात आहेत पाचही. किल्ली माझ्याकडे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

धाकटीला फोन. म्हटलं, फोन आईच्या कानाशी धर, मी इकडून वाजवतो. राहिलेलं पुरं करतो. तिला आणतो.

"दादा, डोकं ठिकाणावर आहे का? कुठून आणतोस? ती विहिरीत पडलीये का? इथे ओट्यावर बसून मटार सोलतेय!"

मग सांगितलं. पहिल्यांदाच, तोंडाने. गोळा आला नव्हता, मी मुद्दाम थांबवला, बघायला.

तिकडे नुसता मटार टोपलीत पडल्याचा आवाज. टप. टप.

"मला वाटलंच होतं," धाकटी म्हणाली. "गोळा आला असता तर हात चोळला असतास. तू हात चोळला नाहीस."

आणि फोन ठेवला. दोन वर्षं माहीत होतं हिला! आणि दर शनिवारी फोन करत होती.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळपासून तीन मॅट फाडल्या. म्हणजे फाटल्या. पिळताना.

दुपारी धाकटीचाच फोन. "उद्या अकराला. पण आधी ऐक. तो शिंपी बरा आहे. डॉक्टरकडे गेला, गोळ्या घेतो, झोपतो. आईला एक झंपर शिवून देऊन गेला परवा. मग तू कोणाची झोप शोधायला निघालायस?"

"शिंप्याची नाही. आईला आणायचंय."

"आई रात्रभर झोपते आता, दादा. सकाळी मी उठवते तिला. पूर्वी कधी झोपलेली आठवते का तुला?"

आठवत नाही. पूर्वी रात्रीसुद्धा कोणी ना कोणी दार वाजवायचं. पण झोपतं ते अंग. अंग काय, वांगीपण लावील. मला आई हवी.

बाईंकडे गेलो. न विचारता कपाट उघडायचं नव्हतं. सगळं सांगितलं, शिंप्यापासून मटारापर्यंत. वाटलं, म्हणतील, कोणी कुठे जात नाही. म्हणाल्या नाहीत. चष्मा काढून पुसला. "हॉल अकराला रिकामा असतो. पाठ ताठ ठेवून बस. श्वास सोडताना ठोका दे, खांदा भरून येणार नाही."

डफ बॉयलरजवळ ठेवलाय. मामा आज एकदासुद्धा चेष्टेने बोलला नाही. म्हणाला, "मी बघतो त्याच्याकडे. तू झोप."

झोपतोय कसला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

अकराला धाकटीने फोन आईच्या कानाशी धरला. सुरू केलं. जिथे सोडलं होतं तिथून. तीन मिनिटंही झाली नसतील. तिकडे कोणीतरी खाकरलं.

"पुरे रे."

आईचा आवाज. गंजलेल्या कडीसारखा, पण आईचाच. हात हवेत राहिला.

"तू थांबवलास ना, तेव्हाच पुरे झालं होतं. बोलले असते तर दुसऱ्या दिवशी दाराशी माणसं उभी राहिली असती. थांब म्हणायला मला कधी जमलं नाही. तुला जमलं."

मग मटाराची टोपली ओढल्याचा आवाज.

कुरिअरवाला आला तेव्हा मी तिथेच बसलेलो. म्हणाला, "वाजतो का हा? जरा दाखव ना वाजवून." म्हटलं, "वाजतो. आज नको."